हिशेबात न धरलेली विक्री

मधुमती हुपरीकर आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं भाड्यानं राहिल्या, पण त्यांच्याविषयी लिहायला बसलो तेव्हा कळलं की मला त्यांची माहिती अगदीच थोडी आहे. माहेर कऱ्हाडकडचं होतं एवढं ठाऊक. माहेरचं आडनाव ठाऊक नाही. चहा त्या बिनसाखरेचा घेत, तो आवडीनं की काटकसरीनं, हे मी कधी विचारलं नाही. मी जन्मभर बँकेत नोकरी केली. लिहिणं म्हणजे पत्रांचे मसुदे, तेही साहेबांनी दुरुस्त केलेले. माणसाविषयी लिहायची माझी पात्रता नाही. तरी लिहितो आहे, कारण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट माझ्या हातून घडली आणि तिचा दोष मला आजवर कुणी दिलेला नाही.

आम्ही लखनौत, निशातगंजच्या पाचव्या गल्लीत राहतो. निवृत्तीनंतर पुण्याला जायचं ठरत होतं, ते ठरतच राहिलं. हुपरीकर मंडळी आली ती त्र्याण्णव साली. सुधीर हुपरीकर अमौसीला, विमानतळावर, एका खासगी कंपनीच्या सामान विभागात होते. हसरा माणूस. जिना उतरताना शीळ घालायचे. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत पहाटेच्या पाळीला जाताना कानपूर रोडवर दाट धुक्यात त्यांची स्कूटर एका उभ्या ट्रकवर आदळली. मुलगी जुई तेव्हा सातवीत होती.

तेराव्याला मिरजेहून सुधीररावांचे थोरले भाऊ श्रीरंगराव आले होते. माणूस वाईट नव्हता, उलट सरळच. आमच्या ओसरीवर बसून ते मधुमतीबाईंना म्हणाले, "मधुमती, इथं आता आपलं कोण आहे? मिरजेला आपलं घर असताना भाड्याच्या खोल्यांत दोघींनी राहायचं, हे लोकांना बरं दिसेल का?"

"जुईची परीक्षा होऊ दे," त्या म्हणाल्या.

परीक्षा झाली. मग उन्हाळा झाला, पावसाळा झाला. दिवाळीला श्रीरंगराव पुन्हा आले, तेव्हा मधुमतीबाईंनी त्यांच्यापुढे फराळाची ताटली ठेवली आणि उभ्यानंच म्हणाल्या, "भाऊजी, मला पुढच्या दिवाळीपर्यंत वेळ द्या. तोवर माझं मला जमलं नाही, तर तुम्ही म्हणाल त्या गाडीनं येते. मग एक शब्द बोलणार नाही."

श्रीरंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिवड्यातले दाणे वेचत राहिलो.

मिरजेला त्यांना काय जाच होता, असं कुणी विचारेल. जाच नव्हता. पद्माला, माझ्या पत्नीला, त्या एकदा म्हणाल्या होत्या, "काकू, तिथं सगळे चांगले आहेत. पण टाचण्यांची पुडी आणायची तरी सासूबाईंना विचारून आणायची. सतरा वर्षांपूर्वी विचारत होते, तेव्हा वय होतं. आता जुईसमोर विचारायचं?" शिवाय जुईचा प्रश्न होता. ती जन्मली, वाढली लखनौत. मराठी समजायचं, पण उत्तर हिंदीत. मिरजेच्या शाळेत तिचं काय होणार, ही धास्ती होतीच.

त्यांनी धरलेलं काम म्हणजे प्लास्टिकचे डबे विकणं. एका परदेशी कंपनीचे डबे तेव्हा नव्यानं लखनौत आले होते. ते दुकानात मिळत नसत. एखाद्या बाईनं आपल्या घरी दहा-बारा मैत्रिणींना बोलवायचं, चहा-समोसे करायचे, आणि विकणाऱ्या बाईनं तिथं डबे मांडून दाखवायचे. याला पार्टी म्हणत. जिच्या घरी पार्टी तिला कंपनीकडून एक डबा भेट. विकणारीला शंभर रुपयांमागे पंचवीस. तिथं आलेल्यांपैकी दोघी-तिघींनी आपल्या घरी पार्टी ठेवायचं कबूल केलं की पुढची वाट तयार. सगळा धंदा एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यावर.

त्यांची पहिली पार्टी आमच्याच बैठकीत झाली. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो, पण कान तिकडे. मधुमतीबाईंचा आवाज आधी कापरा होता. मग त्यांनी एका डब्यात लाल सरबत भरलं, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "अब देखिए, मधे दाबायचं, आतली हवा फुस्स करून काढायची. आता हा उलटा केला तरी थेंब पडणार नाही."

"माझ्या चादरीवर नको गं बाई," पद्मा ओरडली, "कालच धुतलीय!"

समोरच्या श्रीवास्तवबाई म्हणाल्या, "अरे मधुमती भाभी, मेरे सर पे उलटा कर दो. गिर भी गया तो ठंडक मिलेगी!"

आणि मधुमतीबाईंनी खरोखरच तो डबा श्रीवास्तवबाईंच्या डोक्यावर उलटा धरला. थेंबही पडला नाही. मग इतक्या बायका एकदम हसल्या की मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. सुधीरराव गेल्यानंतर मधुमतीबाईंचं हसणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

वरच्या मजल्यावर फोन नव्हता. त्यांचे फोन आमच्याकडे येत. फोन आला की पद्मा जिन्याखालून हाक मारी, आणि मी उठून आतल्या खोलीत जाई. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये एवढी रीत मला कळते. पण आमच्या आतल्या खोलीला दार नाही, नुसता पडदा आहे. त्यामुळे मला त्यांच्याविषयी जे कळलं, ते बहुतेक एका बाजूचंच बोलणं ऐकून.

छावणीत देविका राणे म्हणून एक मराठी बाई होत्या, मेजर संग्राम राणे यांच्या पत्नी. मधुमतीबाईंचं त्यांच्याशी सूत जमलं. देविकाबाईंनी एक पार्टी ठेवली आणि छावणीतले बंगले एकामागून एक उघडले. फौजी लोकांची दर दोन-तीन वर्षांनी बदली. सामान बांधायचं, काचेच्या बरण्या फुटायच्या. न फुटणारा, न गळणारा डबा त्यांना सोन्यासारखा. मधुमतीबाई दोन मोठ्या पिशव्या घेऊन टेंपोनं, म्हणजे इकडच्या सहा-आसनी रिक्षानं, छावणीत जात आणि संध्याकाळी रिकाम्या पिशव्या घडी करून परत येत.

आता त्यांचं सगळं कशावर अवलंबून होतं, ते सांगतो. कंपनीत मॅनेजर झालं की दरमहा ठरलेली रक्कम मिळे, खेरीज हाताखालच्या बायकांच्या विक्रीतला वाटा. तेवढ्यात भाडं, जुईची फी, सगळं निभलं असतं. त्यासाठी अट एकच. ओळीनं चार महिने विक्री पंचवीस हजारांच्या वर हवी. एक महिना चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीच्या आत हे चार महिने व्हायला हवे होते. पद्माला हे सगळं पाठ होतं. जेवताना ती मला सांगायची, "एप्रिल झाला हो मधूचा." मग, "मे पण झाला."

जूनमध्ये कारगिल. लखनौला रोज बातम्या, छावणीत तर घरटी काळजी. एका दुपारी देविकाबाईंचा फोन आला. मी पडद्याआड.

"हो, देविकाताई… हो, बरोबर आहे… नाही, नाही, माझं कसलं?... सगळ्याच पार्ट्या ना? बारा तारखेचीपण? हो… माझी काहीच हरकत नाही. मी कंपनीला कळवते."

फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ जिन्यावर पाऊल वाजलं नाही. मी बाहेर आलो तर त्या फोनजवळच्या स्टुलावर बसलेल्या.

"काका, थोडं पाणी देता?"

मी पाणी दिलं. काय झालं, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, फौजेतल्या कुणाची वाईट बातमी असेल, आपण खोदू नये.

झालं होतं ते असं. हे सगळं मला पुरतं कळलं ते चार महिन्यांनी. छावणीतल्या बायकांनी ठरवलं होतं की त्या महिन्यातल्या सगळ्या पार्ट्या जवानांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी करायच्या. कंपनीची तशी योजनाच होती. मदतीच्या पार्टीत शंभरातले चाळीस रुपये मदतनिधीला जात. त्यातले पंधरा कंपनी घाली आणि पंचवीस विकणारीचे. म्हणजे विकणारीला काही नाही. आणि ती विक्री मॅनेजरकीच्या हिशेबात धरत नसत, कारण ती धर्मकार्यासाठी झालेली विक्री, धंद्याची नव्हे. देविकाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. चाळीस रुपये कंपनी देते, एवढंच त्यांना ठाऊक. आणि ज्यांचे नवरे, भाऊ वर डोंगरांत होते, त्या बायकांना मधुमतीबाई काय सांगणार होत्या, माझे पंचवीस मला द्या?

पद्मा जेवताना म्हणाली, "जून हुकला मधूचा."

"का?"

"म्हणाली, जमलं नाही. उन्हं फार होती म्हणे."

म्हणजे जुलैपासून पुन्हा एक. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. बरोबर चारच महिने उरले होते, एकही जास्त नव्हता.

छावणीतल्या बायकांनी जूनमध्ये पोटभर डबे घेतले होते, तिकडे आता काही होण्यासारखं नव्हतं. मधुमतीबाई बँकांच्या वसाहतींत, गोमतीनगरमध्ये, इंदिरानगरमध्ये फिरल्या. जुलै कसाबसा झाला. ऑगस्टमध्ये राखीच्या भेटी म्हणून डबे गेले, तोही झाला. सप्टेंबरसाठी त्यांनी आमच्या इथल्या मराठी मंडळावर भिस्त ठेवली होती. मंडळात साठ-सत्तर घरं, आणि गणपतीनंतर आठ-नऊ घरी पार्ट्या ठरत आल्या होत्या. हे पद्माला ठाऊक होतं. मलाही तिनं सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

मंडळाच्या कार्यकारिणीत मी दहा वर्षं होतो आणि दहा वर्षांत उभा राहून कधी बोललो नव्हतो. गणेशोत्सवाच्या बैठकीत विषय निघाला की यंदा जवानांच्या कुटुंबांसाठी निधी जमवायचा. कुणी म्हणालं नाटक, कुणी म्हणालं पावत्या. अध्यक्ष सदाशिवराव मोकाशी म्हणाले, "पावत्यांना लोक कंटाळलेत. काहीतरी वेगळं सुचवा की राव!"

आणि मी उभा राहिलो. आजही मला कळत नाही, मी कसा उभा राहिलो. म्हणालो, "आपल्या मधुमतीबाई डबे विकतात. छावणीत त्यांनी असा मदतीचा कार्यक्रम केला होता असं ऐकलंय. तो उत्सवात आपल्या सभागृहात ठेवावा. निधीही जमेल आणि त्यांचाही… त्यांनाही मोठं गिऱ्हाईक मिळेल."

"वा, सबनीस!" सदाशिवराव म्हणाले. "बोललात, ते बरोबर मुद्द्याचं बोललात!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मधुमतीबाई बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत होत्या. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. सदाशिवरावांनी विचारलं, "काय मधुमतीबाई, चालेल ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "चालेल की."

मला वाटलं, त्यांना आनंद झाला. त्या संध्याकाळी मी घरी चालत गेलो, रिक्षा केली नाही, इतकं बरं वाटत होतं.

सहाव्या दिवशी आरतीनंतर कार्यक्रम झाला. असा कार्यक्रम मंडळात पुन्हा झाला नाही. मधुमतीबाईंनी हिरवी सुती साडी नेसली होती. जुई डबे उघडून दाखवत होती. मधुमतीबाई नेहमीसारखं पाणी भरलेला डबा उलटा करून उभ्या राहिल्या आणि सदाशिवरावांना म्हणाल्या, "अध्यक्षांनी डोकं पुढे करावं. निधीसाठी."

"अहो, चारच केस राहिलेत, ते भिजवू नका!"

हशा. मग बायकांची झुंबड. एरवी एक डबा घेणाऱ्या बाईनं तीन घेतले. "जवानांसाठी आहे, घे गं," असं एकमेकींना सांगत होत्या. पुरुषांनीसुद्धा घेतले. पद्मानं अख्खा संच घेतला, कणकेच्या मोठ्या डब्यासकट. तासाभरात वहीची पानं भरली. कुणी म्हणालं एकतीस हजार, कुणी म्हणालं तेहतीस. मी एका खुर्चीवर बसून हे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, आपणही कुणाच्या उपयोगी पडलो.

गणपती बोळवले आणि मधुमतीबाई ठरलेल्या घरांच्या तारखा पक्क्या करायला निघाल्या. मी ओसरीवरून त्यांना जाताना-येताना पाहत होतो. संध्याकाळी त्या पद्माजवळ बसत आणि हसून सांगत.

"काकू, दाते वहिनी म्हणाल्या, अगं गणपतीत घेतले की! आता ठेवू कुठे?"

"आणि मैत्रेयी? तिच्याकडेही ठरली होती ना?"

"तिनं गणपतीत चार घेतलेत. म्हणाली, तुमचे डबे फुटत नाहीत ना, मग पुढच्या दहा वर्षांची चिंता मिटली."

तोच तर डब्यांचा गुण होता. मंडळातल्या साठ-सत्तर घरांचा वर्षभराचा डब्यांचा खर्च त्या एका संध्याकाळी होऊन गेला होता. आठ-नऊपैकी दोन पार्ट्या झाल्या. तिथं बायकांनी समोसे खाल्ले, गप्पा मारल्या, आणि दीड-दोनशे रुपयांच्या वाट्या घेतल्या. सप्टेंबर संपला.

मला कळलं ते जुईकडून. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती आमच्याकडे दही मागायला आली होती. मी सहज म्हणालो, "काय जुई, आता आई मॅनेजर होणार. गणपतीत तेहतीस हजार!"

ती वाटी धरून उभी राहिली. "काका, वो तो चैरिटी वाला था ना. वो काउंट नहीं होता."

"नाही कसं? विक्री ती विक्री."

"नहीं होता, काका. जून में भी नहीं हुआ था. मम्मी को एक पैसा नहीं मिलता उसमें." मग एकदम तिच्या लक्षात आलं असावं. "मम्मी ने बोला था आपको नहीं बताना है. प्लीज़, आप मत बोलिएगा."

दोन दिवस मी जेवण्याखेरीज काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी मी बँकेत जाऊन मुदत ठेव मोडली आणि पाकीट घेऊन वर गेलो. सहा वर्षांत मी तो जिना पाच-सहा वेळाच चढलो असेन.

मधुमतीबाई डब्यांची यादी करत होत्या. मी पाकीट पुढे ठेवलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "सप्टेंबरला जेवढे कमी पडले तेवढ्याचे डबे मला द्या. तारीख मागची घाला."

त्यांनी पाकीट उघडलंही नाही. "जुईनं सांगितलं वाटतं."

"तुम्ही त्या दिवशी मला अडवायचं होतं. नाही म्हणायचं होतं."

"एवढ्या लोकांपुढे? जवानांच्या कामाला?" त्या हसल्या. "काका, पंधरा हजारांचे डबे घेऊन काकू ठेवणार कुठे? तुम्हाला ओसरीवर झोपवतील."

मला हसू आलं नाही. त्यांनी यादीचा कागद बाजूला केला.

"हिशेब तीस तारखेला बंद होतो, काका. मागची तारीख घालता येत नाही. आली असती तरी मी घातली नसती. श्रीरंग भाऊजींना मी सांगितलं होतं, माझं मला जमलं तर. तुमच्या पैशांनी जमलं, तर ते माझं कसं?"

मी काहीतरी पुटपुटलो. बहुधा "मला माहीत नव्हतं" असं.

"कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही ना." मग त्या हळू म्हणाल्या, "खरं सांगू? मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. हे गेल्यापासून सगळे माझ्याकडे एकाच नजरेनं बघायचे. डबा घेताना वाटायचं, बिचारीला मदत म्हणून घेतायत. त्या दिवशी तसं कुणी घेतलं नाही. दुसऱ्या कुणासाठी तरी घेतलं. मी पण देणाऱ्यांतली होते." त्यांनी पाकीट उचलून माझ्या हातात दिलं. "जपून उतरा. मधली पायरी उखडलीय."

खाली आलो. पद्माला मी यातलं अर्धंच सांगितलं. बाकीचं आज पहिल्यांदा सांगतो आहे.

मधुमतीबाईंनी ऑक्टोबरमध्येही पार्ट्या केल्या. काही उपयोग नव्हता, तरी कबूल केलेल्या म्हणून केल्या. ऑक्टोबरची विक्री सव्वीस हजारांच्या वर गेली, हे पद्मानं मला सांगितलं तेव्हा मी पानावरून उठलो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी श्रीरंगराव आले. त्यांनी काही टोचून विचारलं नाही. मधुमतीबाईंनीच जिन्यात त्यांना सांगितलं, "नाही जमलं, भाऊजी," आणि त्यांनी नुसती मान हलवली. जुईच्या शाळेतून दाखला निघाला. पलंग आणि कपाट श्रीवास्तवबाईंच्या दिरानं घेतलं. कंपनीचे नमुन्याचे डबे मधुमतीबाईंनी धुऊन, पुसून, मोजून इथल्याच लालबागमधल्या कंपनीच्या कार्यालयात परत केले.

मुंबईकडे जाणारी पुष्पक गाडी संध्याकाळची होती. दारात टेंपो उभा राहिला. जुई आधीच आत बसून दुसरीकडे पाहत होती. पद्मा रडत होती, मधुमतीबाईंनी तिला धरलं होतं. मी एक पिशवी उचलून टेंपोत ठेवली. एवढ्या दिवसांत काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. माफी मागायची होती, नीट, शब्दांत. मी घसा साफ केला.

मधुमतीबाई टेंपोत चढल्या, पदर सावरला आणि वाकून माझ्याकडे पाहिलं.

"काका, दूधवाल्याला उद्यापासून आमचं अर्धा लिटर बंद सांगाल ना? मी विसरलेच."

"सांगतो."

"सकाळी लवकर येतो हं तो. सहालाच."

"सांगतो मी."